शॅम्पेनची बाटली: निवडणं, गार करणं, उघडणं आणि ओतणं

परदेशातून येताना शॅम्पेनची बाटली आणायची, ती दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात दोन-तीन वर्षं शोभेला ठेवायची आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पाहुणे दारात आल्यावर घाईघाईने फ्रीजरमध्ये टाकायची. मग कुणीतरी ती हलवून बूच उडवतो, पाव बाटली फरशीवर जाते, उरलेली बर्फगार वाइन श्रीखंडाबरोबर दिली जाते आणि सगळे म्हणतात, “आंबटच आहे की!” यात बाटलीचा काहीच दोष नसतो. फ्रान्सच्या तळघरात तिला किमान सव्वा वर्ष नीट सांभाळलेलं असतं. तिची वाट लागते ती बहुतेक वेळा आपल्या घरी, आणि तीही शेवटच्या चार तासांत.

म्हणून पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. गार करण्याआधी साठवण, उघडण्याआधी ग्लास. हा क्रम उलटला की गडबड होते. नाशिक-दिंडोरीकडे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेल्या स्पार्कलिंग वाइन मिळतात. तिसऱ्या पायरीपासून पुढचं सगळं त्यांनाही जसंच्या तसं लागू आहे.

## १. लेबल नीट वाचा

प्रदेश. फेसाळणारी प्रत्येक वाइन शॅम्पेन नसते. पॅरिसच्या ईशान्येला रँस आणि एपर्ने या गावांच्या आजूबाजूला, आणि दक्षिणेकडे ओब भागात, साधारण ३४,००० हेक्टर द्राक्षबागा आहेत. तिथल्या द्राक्षांची, तिथल्याच नियमांनी केलेली वाइन तेवढी शॅम्पेन. लेबलवर हा शब्द ठळक छापलेला असतो. ‘क्रेमां’ म्हणजे फ्रान्सच्या दुसऱ्या भागांतली, ‘काव्हा’ स्पेनची आणि ‘प्रोसेको’ इटलीची. प्रोसेकोचा फेस बहुधा मोठ्या बंद टाकीत तयार होतो, शॅम्पेनचा मात्र त्याच बाटलीत जी तुमच्या हातात आहे. दुकानात या सगळ्या एकाच फळीवर मांडलेल्या असतात, तेव्हा दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा लेबलवर विश्वास ठेवा.

गोडी. सर्वांत जास्त फसगत इथे होते. बाटलीत दुसऱ्यांदा आंबताना यीस्टचा गाळ साठतो. तो काढून टाकल्यावर थोडं साखर-मिश्रण घालतात, त्यावरून हे शब्द ठरतात. दर लिटरला साखर किती, ते पाहा:

- ब्रूट नेचर: ३ ग्रॅमपेक्षा कमी, आणि वरून साखर अजिबात नाही
- एक्स्ट्रा ब्रूट: ० ते ६ ग्रॅम
- ब्रूट: १२ ग्रॅमपेक्षा कमी
- एक्स्ट्रा ड्राय: १२ ते १७ ग्रॅम
- सेक: १७ ते ३२ ग्रॅम
- डेमी-सेक: ३२ ते ५० ग्रॅम
- डू: ५० ग्रॅमच्या वर

> सावध: ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे ‘ब्रूट’पेक्षा गोड असतं, कोरडं नव्हे. नावावरून उलटा अर्थ काढून बाटली घेणारे खूप आहेत.

घरी पहिल्यांदाच वाइन पिणारे पाहुणे असतील तर ब्रूट नेचर घेऊ नका. ती फार धारदार लागते आणि त्यांचं मत कायमचं बिघडतं. साधी ब्रूट घ्या. जेवणानंतर गोडाबरोबर द्यायची असेल तरच डेमी-सेक.

द्राक्ष. मुख्य जाती तीन: पांढरी शार्दोने, आणि काळ्या पिनो न्वार व म्यूनिए. बहुतेक बाटल्यांत तिन्हींचं किंवा दोघींचं मिश्रण असतं. ‘ब्लाँ द ब्लाँ’ लिहिलेलं असेल तर ती फक्त पांढऱ्या द्राक्षांची, म्हणजे जवळजवळ नेहमी शार्दोनेची. एपर्नेच्या दक्षिणेला कोत दे ब्लाँ नावाची खडूच्या मातीची टेकडी आहे. क्रामां, आव्हीझ, मेनिल ही तिथली गावं याच द्राक्षासाठी नावाजलेली. चव लिंबाच्या सालीकडे झुकणारी, सडसडीत. ‘ब्लाँ द न्वार’ म्हणजे काळ्या द्राक्षांचा रस सालीबरोबर न भिजवता काढून केलेली. ही अंगाने भरदार असते. जेवणाबरोबर प्यायची असेल तर मी हीच घेईन.

साल, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष. लेबलवर ते नसेल तर ती वेगवेगळ्या वर्षांच्या वाइनचं मिश्रण आहे. बाजारातल्या बहुतेक बाटल्या अशाच असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. बाटलीत भरल्यानंतर बिनसालाची किमान १५ महिने तळघरात ठेवावी लागते, सालाची किमान ३ वर्षं. बिनसालाची बाटली बाजारात येते तेव्हाच ती पिण्याजोगी असते. ती घरी ‘मुरवत’ ठेवायची गरज नाही.

बारीक अक्षरं. लेबलच्या तळाशी एका क्रमांकाआधी दोन छोटी अक्षरं असतात. एनएम म्हणजे द्राक्षं विकत घेऊन वाइन करणारं घराणं, आरएम म्हणजे स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची वाइन स्वतःच करणारा शेतकरी, सीएम म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी संस्था. यातलं अमुकच चांगलं असा नियम नाही. पण प्रसिद्ध नावाच्या किमतीत एखाद्या आरएमची फार सुरेख बाटली मिळू शकते, आणि रँस-एपर्नेला प्रत्यक्ष गेलात तर शोधायच्या त्या याच. ‘ग्राँ क्रू’ हा सर्वांत वरचा दर्जा तिथे १७ गावांना दिलेला आहे, बाटलीला नव्हे.

> तपासा: मागच्या लेबलवर गाळ काढल्याची तारीख छापली आहे का? असली तर सोन्याहून पिवळं. बिनसालाची बाटली त्या तारखेपासून दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या.

## २. दुकानातून घरापर्यंत

परदेशातून भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या सहज बसतात. भरलेली बाटली दीड किलोहून थोडी जड भरते, सामानाचं वजन करताना ते धरा. विमानाच्या सामानकक्षातही हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे बाटली वर आकाशात फुटेल ही भीती सोडा. ती फुटते दुसऱ्या बाटलीवर आपटून. प्रत्येक बाटली वेगळ्या जाड कपड्यात गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा.

ड्यूटी-फ्रीची पारदर्शक सीलबंद पिशवी मधल्या विमानतळावर उघडू नका. मुंबईत उतरून पुढे नागपूर किंवा संभाजीनगरचं विमान असेल, तर मुंबईला सामान पुन्हा देताना बाटली त्या बॅगेत टाका. आणि वर्धा, गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. ड्यूटी-फ्रीचं बिल दाखवून तिथे सुटका होत नाही.

घरी पोचल्यावर बाटली निदान एक-दोन दिवस न हलवता ठेवा. प्रवासात घुसळलेली बाटली त्याच संध्याकाळी उघडली की फेस हाताबाहेर जातो.

## ३. साठवण: काचेचं कपाट नको

रँसच्या खाली खडूच्या दगडात कोरलेली तळघरं आहेत. बाराही महिने तिथे १०-१२ अंश तापमान, ओलसर हवा आणि अंधार. शॅम्पेनला हवं ते एवढंच. चैत्र-वैशाखात आपल्या घरात याच्या नेमकं उलट असतं.

उन्हाळ्यात ३५-४० अंशांत काही आठवडे पडलेली बाटली बाहेरून नवीकोरी दिसते, पण आतली वाइन म्हातारी होते. रंग गडद होतो, फळाचा ताजा वास जाऊन भाजक्या, मलूल सफरचंदासारखा येतो. म्हणून:

1. पुढच्या काही आठवड्यांत प्यायची असेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दारात नको, तिथे दर वेळी धक्का बसतो आणि तापमान खालीवर होतं.
2. काही महिने ठेवायची असेल तर घरातली सर्वांत थंड, अंधारी, बाहेरच्या भिंतीपासून लांबची जागा शोधा. स्वयंपाकघर आणि माळा बाद. अशी जागा नसेल तर फ्रीजच बरा.
3. उभी की आडवी यावर फार डोकं शिणवू नका. महिन्या-दोन महिन्यांसाठी उभी चालते, जास्त दिवसांसाठी आडवी ठेवा.

> सावध: उजेड हा शॅम्पेनचा मोठा शत्रू आहे. हिरव्या काचेने थोडं संरक्षण मिळतं, पण पारदर्शक काचेच्या बाटलीला जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच काही पारदर्शक बाटल्यांवर पिवळसर सेलोफेन गुंडाळलेला असतो. तो शोभेचा कागद नाही. बाटली उघडायच्या दिवसापर्यंत काढू नका. उजेड लागलेल्या वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो आणि तो कशानेही जात नाही.

## ४. गार करणं: इथेच सगळं ठरतं

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची तर ही ठेवा. बाटली नीट गार असेल तर बूच शांत निघतं, फेस वाया जात नाही आणि वासही कळतो. निम्म्याहून अधिक चुका इथूनच सुरू होतात.

कारण सरळ आहे. वाइनमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड गरम झाला की बाहेर पडू पाहतो. बाटली ६ अंशांवर असताना आत साधारण साडेचार बार दाब असतो. २० अंशांना तो साडेसातच्या आसपास जातो आणि ३० अंशांना दहाच्या. गाडीच्या टायरमध्ये आपण सव्वादोन-अडीच बार हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. मे महिन्यात कपाटातून काढलेली बाटली तशीच उघडणं म्हणजे बूच डोळ्यात जाण्याला आमंत्रण.

हवं ते तापमान: साधी बिनसालाची ८ ते १० अंश, सालाची किंवा जुनी १० ते १२.

पद्धत अ, फ्रीज. खालच्या कप्प्यात आडवी, किमान चार तास. उन्हाळ्यात फ्रीज भरलेला असेल आणि सारखा उघडझाप होत असेल तर सहा तास धरा. सकाळीच ठेवून दिली की चिंता नाही.

पद्धत ब, बादली. खोल भांडं घ्या. अर्धा बर्फ, अर्धं पाणी. बाटली मानेपर्यंत बुडेल इतकी पातळी हवी. अर्धा तास पुरे, कडक उन्हाळ्यात चाळीस मिनिटं.

बादलीत नुसता बर्फ भरणं ही नेहमीची चूक. बर्फाचे खडे बाटलीला ठिकठिकाणी टेकतात, मधे हवा राहते आणि गारवा पोचत नाही. पाणी घातलं की काचेचा प्रत्येक भाग थंड होतो. लवकर व्हावं म्हणून मीठ टाकायचा मोह होतो, टाकू नका. मिठाने पाणी शून्याच्याही खाली जातं आणि वाइन हवी त्यापेक्षा थंड होते.

दुसरी चूक बारीक आहे. बादली उथळ असेल तर मान पाण्याबाहेर राहते. बाटलीचं पोट गार आणि गळ्यातली वाइन कोमट, अशी स्थिती होते. बूच निघताच ती कोमट वाइन आधी उसळते आणि खालच्या वाइनलाही वर ओढते. बादली उथळ असली तर आधी तासभर फ्रीजमध्ये आडवी ठेवून मग बादलीत घाला.

> सावध: फ्रीजर नाही म्हणजे नाही. घरचा फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो आणि शॅम्पेन त्याच्या कितीतरी आधी गोठायला लागते. गोठताना ती फुगते. मग बूच तरी वर सरकतं किंवा काच तरी तडकते. ‘वीसच मिनिटं’ म्हणून ठेवलेली बाटली पाहुण्यांच्या गप्पांत विसरली जाते.

> तपासा: बाटलीच्या खांद्यावर आणि मानेवर तळवा ठेवा. दोन्हीकडे सारखाच गारवा लागला पाहिजे. फ्रीजमधून काढली असेल तर ती ४-५ अंशांवर असेल. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. फार थंड वाइनला वास येत नाही, फक्त आंबटपणा जाणवतो.

## ५. ग्लास आधी तयार ठेवा

बाटली उघडल्यावर ग्लास शोधत फिरू नका. मधे थोडा फुगीर, वर किंचित आवळलेला, दांड्याचा ग्लास सर्वांत चांगला. साधा पांढऱ्या वाइनचा ग्लासही छान चालतो. अगदी अरुंद उभ्या ग्लासात बुडबुडे देखणे दिसतात, पण नाक शिरत नाही. पसरट उथळ ग्लास टाळा. त्यातून वायू भराभर निघून जातो.

ग्लास गरम पाण्याने स्वच्छ विसळलेले हवेत. भांडी घासायच्या साबणाचा किंवा तेलकटपणाचा पातळ थर राहिला की वर येणारा फेस लगेच बसतो. उलट, बुडबुडे जिथून उठतात ते काचेवर चिकटलेले सुताचे किंवा धुळीचे डोळ्यांना न दिसणारे तंतू असतात. म्हणून एका ग्लासात भरपूर बुडबुडे आणि शेजारच्यात अगदी कमी, असं दिसलं तर वाइनला नावं ठेवू नका. स्वच्छ सुती कापडाने ग्लास आतून एकदा पुसला की पुरे.

ग्लास फ्रीजरमध्ये ठेवू नका. त्यावर बर्फाचं दव धरतं आणि वाइन पाणचट होते.

## ६. उघडणं

फट्ट असा आवाज काढणं हे ध्येय नाही. नीट उघडलेल्या बाटलीतून हलकासा सुस्कारा येतो.

1. बाटली बादलीतून काढून कोरडी पुसा. ओल्या हातातून ती निसटते.
2. वरचं फॉइल पट्टी ओढून काढा.
3. अंगठा बुचावर घट्ट ठेवा. इथून पुढे तो हात बुचावरून उचलायचा नाही, तार सुटायच्या आधीही नाही.
4. तारेची कडी सोडवा. ती साधारण सहा अर्धे वेढे फिरवावी लागते. तार फक्त सैल करा, काढू नका. तारेसकट बूच पकडलं की पकड चांगली बसते.
5. वर एक रुमाल घ्या. बाटली ४५ अंशांत तिरकी करा, तोंड माणसांपासून, पंख्यापासून आणि ट्यूबलाइटपासून लांब.
6. एका हाताने बूच स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने बाटली बुडाशी धरून फिरवा. बूच फिरवू नका. ते तुटतं किंवा अचानक सुटतं.
7. बूच वर यायला लागलं की त्याला बाहेर ओढू नका, उलट हळूच आत दाबून धरा. वायू बाजूने निघू द्या.
8. बूच निघाल्यावर बाटली पाच-सहा सेकंद तिरकीच राहू द्या. मग उभी करा.

फेस वर यायला लागला तर घाबरून बाटली सरळ करण्याची सवय असते. तिरकी असताना आतल्या वाइनचा पृष्ठभाग मोठा असतो आणि फेसाला पसरायला जागा मिळते, म्हणून ती तिरकीच ठेवा.

बूच अडकलं तर? गळ्याभोवती कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं अर्धा मिनिट धरा आणि पुन्हा बाटली फिरवा. कॉर्कस्क्रू कधीही लावू नका. दाबाखालच्या बुचात स्क्रू घालणं धोक्याचं आहे.

> सावध: बाटली हलवून बूच उडवायचा प्रकार लग्नाच्या स्टेजवर सर्रास चालतो. उडालेल्या बुचाचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर जातो. समोर लहान मुलं उभी असतात. त्याने डोळे कायमचे अधू झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. सुऱ्याने किंवा तलवारीने गळा उडवण्याचाही हट्ट नको.

## ७. ओतणं

आधी स्वतःच्या ग्लासात घोटभर घ्या आणि वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा, बुरसटलेला वास आला तर बुचामुळे वाइन बिघडली आहे. ती कुणालाही देऊ नका. दुकानातली असेल तर परत न्या.

चांगली असेल तर ग्लास तिरका धरून आतल्या बाजूने हळू ओता. बिअर ओतताना आपण करतो तसंच. मोठ्या हॉटेलांत ग्लास सरळ उभा ठेवून ओततात, पण रँस विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर यांच्या गटाने २०१० मध्ये मोजून दाखवलं की तिरक्या ग्लासात ओतल्यावर वायू जास्त टिकतो. वाइन गार असली तर ओतताना वायू आणखी कमी वाया जातो. ग्लास दोन तृतीयांशांपेक्षा जास्त भरू नका, नाहीतर वास घ्यायला जागा राहत नाही आणि उरलेली हातात गरम होते.

किती बाटल्या लागतील? ७५० मिलीच्या बाटलीत १२५ मिलीचे सहा ग्लास होतात. नुसतं चिअर्स करायचं असेल तर एक बाटली आठ जणांना पुरते. जेवणभर प्यायची असेल तर दोघांमागे एक धरा. शंका असेल तर एक जास्तीची गार करून ठेवा. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये काही दिवस आरामात राहते.

## ८. सोबत काय द्यायचं

ब्रूटला खारट, कुरकुरीत, तळलेलं फार शोभतं. रवा लावून तळलेले बोंबील, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, खारे काजू. आंबटपणा आणि फेस तेलकटपणा धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा ताजा लागतो.

फार तिखट नको. मिरचीच्या जळजळीवर बुडबुडे आणखी चुरचुरतात. कोल्हापुरी रस्सा वेगळ्या दिवशी.

आणि गोड. श्रीखंड, जिलेबी, बासुंदी, केक यांच्याबरोबर ब्रूट दिली की जिभेवर साखर असल्यामुळे वाइन कडक आंबट लागते. केक कापण्याआधी ब्रूट संपवा, किंवा केकसाठी डेमी-सेक आणा.

## ९. उरलेली बाटली

गळ्यात चमचा अडकवून ठेवला की फेस टिकतो, हा समज खोटा आहे. फेस टिकतो तो थंडाव्याने आणि घट्ट झाकणाने. दोन्ही बाजूंनी गळ्याला पकडणारं, आत रबर असलेलं स्पार्कलिंग वाइनचं झाकण दुकानात मिळतं, ते एकच घेऊन ठेवा. मूळ बूच पुन्हा बसत नाही. ते निघाल्यावर खालून फुगलेलं असतं, त्यावर ठोकाठोकी करू नका.

झाकण लावून बाटली उभीच फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ती छान असते, तिसऱ्या दिवशी बरी. बाटली जितकी रिकामी तितका फेस लवकर जातो, त्यामुळे एक ग्लासभर उरली असेल तर त्याच रात्री संपवा किंवा माशाच्या लोणी-क्रीमच्या सॉसमध्ये घाला.

दुसऱ्या दिवशी झाकण काढताना तळवा वर दाबून धरा आणि पकडी एकेक करून सोडा. रात्रभरात आत पुन्हा दाब साठलेला असतो आणि सैल सोडलं तर हे झाकणही बुचासारखंच उडतं.